रेतीच्या चढावरील कर्षण आणि गिअर-प्रमाण

भुसभुशीत रेतीच्या चढावर वाहन वर का जाते आणि का अडते, आणि गिअर, इंजिन, टायर व वजन यांपैकी कशात फेरफार केला असता किती फरक पडतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी दोन वाहने समोर ठेवली आहेत. पहिले वऱ्हाडातले: पूर्णा, वर्धा किंवा त्यांच्या उपनद्यांच्या पात्रातून रेतीची, डांगरवाडीच्या मालाची किंवा पलीकडच्या शेतातल्या पिकाची ट्रॉली काठावर चढवणारा ट्रॅक्टर. दुसरे वऱ्हाडाबाहेरचे: अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्लॅमिस येथील वालुकाटेकड्यांवर किंवा अबू धाबीतील लिवा येथील मोरीब टेकडीवर शर्यतीसाठी चढवली जाणारी, मागच्या चाकांना साखळीने गती देणारी हलकी चारचाकी मोटारसायकल, म्हणजे स्पोर्ट क्वाड. दोघांना लागू होणारे नियम एकच. निष्कर्ष मात्र जवळजवळ उलटे. ते उलटे का, हे कळल्याशिवाय एकावरचा फेरफार दुसऱ्यावर करू नये.

प्रथम संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. चाक जमिनीला मागे ढकलते त्या बलाला येथे कर्षण म्हटले आहे. चाक रेतीत रुतल्यामुळे पुढे सतत एक लहानसा चढ तयार होतो आणि तो ओलांडण्यात जे बल खर्च होते तो रुतणरोध. उतारावर वजनाचा जो अंश वाहनाला खाली ओढतो तो चढरोध. चाक फिरले त्या मानाने वाहन जितके कमी सरकले ती घसर. ती टक्क्यांत सांगतात. बल येथे किलोग्रॅम-भारात मोजले आहे, म्हणून ७५ किलो बल सेकंदाला १ मीटर वेगाने चालवणे म्हणजे एक अश्वशक्ती.

घसर मोजण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येक ट्रॅक्टर-मालकाने एकदा तरी करून पाहावी. मागच्या टायरच्या कडेला खडूने रेघ ओढावी. रिकामा ट्रॅक्टर पक्क्या रस्त्यावर चालवून चाकाच्या दहा फेऱ्यांत कापलेले अंतर टेपने मोजावे. समजा ते ४० मीटर भरले. मग ट्रॉली जोडून त्याच दहा फेऱ्या रेतीत मोजाव्यात. तेथे ३० मीटर भरले तर १० मीटर वाया गेले, म्हणजे घसर २५ टक्के. शेतजमिनीवर साधारण ८ ते १५ टक्के घसरीला ट्रॅक्टर सर्वांत काटकसरीने ओढतो. रेतीत ही मर्यादा थोडी वर सरकते. घसर शून्य असणे शक्य नाही, कारण रेती थोडी दाबली आणि सरकवली गेल्याखेरीज ती उलट रेटा देतच नाही. पण ३० टक्क्यांच्या पुढे चाक ओढण्याऐवजी खणू लागते.

आता रेतीचे स्वरूप. अठराव्या शतकात फ्रेंच अभियंता कुलाँ याने मातीच्या कर्तनबलाचे जे दोन घटक वेगळे केले, ते अजून तसेच मानले जातात. पहिला घटक संसंजन, म्हणजे कणांनी एकमेकांना धरून ठेवणे. तो वजनावर अवलंबून नसतो, क्षेत्रफळावर असतो. दुसरा अंतर्गत घर्षण. तो वजनाच्या प्रमाणात वाढतो. वऱ्हाडच्या काळ्या चिकणमातीत पहिला घटक प्रबळ आहे, म्हणून तेथे टायर रुंद झाला की ओढ वाढते. कोरड्या रेतीत संसंजन जवळजवळ शून्य असते. तेथे सारी मदार घर्षणावर, आणि सैल रेतीचा घर्षणकोन ३० अंशांच्या आसपास. त्याची स्पर्शज्या ०.५८. यावरून पहिला सिद्धांत मिळतो: ओढणाऱ्या चाकांवर जितके वजन, त्याच्या ५८ टक्क्यांहून अधिक कर्षण साधा टायर कोरड्या रेतीतून काढू शकत नाही, मग इंजिन कितीही मोठे असो.

हे बीज घेऊन जमीन आणि चाक यांच्या संबंधाचे शास्त्र विसाव्या शतकात मिएचिस्वाव बेकर या पोलिश अभियंत्याने उभे केले. त्याचा ग्रंथ १९५६ चा. पुढे १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या आखणीतही त्याचा वाटा होता, आणि चंद्रावरची धूळ कोरडीच असते. रेल्वेत मात्र इंजिनचालक चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर मुद्दाम रेती सोडतो. तेथे ती पोलाद आणि पोलाद यांच्यामध्ये चिरडून घर्षण वाढवते. येथे तीच पायाखालची जमीन आहे. एकच द्रव्य असले तरी प्रश्न वेगळा.

पहिल्या सिद्धांतावरून चढण्याची अट लिहिता येते. कर्षणाची कमाल मर्यादा ही रुतणरोध आणि चढरोध यांच्या बेरजेहून मोठी हवी. ही झाली बल-मर्यादा. याशिवाय दुसरी अट अशी की, त्या बेरजेला वेगाने गुणले असता जी अश्वशक्ती येते ती इंजिनाने पुरवली पाहिजे. ही शक्ति-मर्यादा. कोणतेही वाहन या दोहोंपैकी एकीच्या आधी दुसरीला अडते. ज्या मर्यादेला ते आधी अडते, तेथेच फेरफार उपयोगी पडतो. हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

पहिले वाहन घेऊ. ४५ अश्वशक्तीच्या वर्गातील ट्रॅक्टर, मागचे टायर १३.६ × २८, वजन सुमारे २,००० किलो, त्यातले १,३०० मागच्या चाकांवर. ट्रॉली रिकामी १,५०० किलो. रेती एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट. कोरडी असली तरी तिचे वजन साडेचार टनांच्या जवळ जाते, ओली असल्यास अधिक. एकूण ८,००० किलो. ट्रॉली दोनचाकी असेल तर तिच्या भाराचा काही अंश हुकावर येतो. तो ५०० किलो धरला तर ओढणाऱ्या चाकांवर १,८०० किलो झाले. कर्षणाची कमाल मर्यादा १,८०० × ०.५८, म्हणजे १,०४४ किलो.

आता रोध. सैल रेतीत रुतणरोध वजनाच्या १५ टक्क्यांच्या घरात असतो, कधी त्याहून बराच जास्त. ८,००० किलोवर १,२०० किलो. म्हणजे चढ सुरू होण्याआधीच, सपाट पात्रात, हा ट्रॅक्टर अडला. पण तीच वाट आधी दाबली, ओली केली, किंवा तिच्यावर पऱ्हाट्या-तुराट्या आडव्या अंथरल्या आणि रुतणरोध ७ टक्क्यांवर आला, तर सपाटीला ५६० किलो पुरतात आणि २० मीटरला १ मीटर अशा चढाचे ४०० किलो त्यात मिळवूनही बेरीज ९६० राहते. ट्रॅक्टर निघतो, थोडक्यात, पण निघतो. १० मीटरला १ मीटर चढ असेल तर बेरीज १,३६० होते आणि तो पुन्हा अडतो. तेथे अर्धी ट्रॉली रिकामी करणे किंवा पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडणे, हे दोन मार्ग उरतात.

तिसरा मार्ग वाट तिरपी नेण्याचा. उंची तीच ठेवून लांबी दुप्पट केली की चढरोध निम्मा होतो. अकोला–खंडवा मीटरगेज मार्गाने सातपुडा चढताना धुळघाटजवळ रुळांना जो पूर्ण फेरा दिला गेला, त्यामागे हेच गणित होते. रेतीच्या काठावर मात्र तिरप्या वाटेला एक धोका आहे: खालच्या बाजूचे चाक अधिक रुतते, ट्रॉली त्या बाजूला झुकते आणि उलटते. म्हणून लांबी वाढवायची ती वळसा घालून. वाट आडव्या अंगाला कललेली नसावी.

वरील हिशेबात इंजिनाचा उल्लेख अजून आलेला नाही, तो आता करू. ९६० किलो बल ताशी ३ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटर, चालवायला १०.७ अश्वशक्ती पुरते. घसरीचे २० टक्के आणि गिअरांमधील हानी १५ टक्के धरली तरी १६. इंजिन ४५ चे. म्हणजे ट्रॅक्टर अडतो तेव्हा इंजिनाची निम्म्याहून अधिक शक्ती शिल्लक असते. तो बल-मर्यादेला अडतो. डिझेल पंपाचे सील तोडून इंधन वाढवण्याचा जो उद्योग काही गॅरेजांत चालतो, त्याने रेतीत धुराखेरीज काही वाढत नाही.

दुसरे वाहन याच कसोटीवर घासू. स्पोर्ट क्वाड १८० किलो, स्वार ७५, एकूण २५५. टेकडीचा कोन २५ अंश. रुतणरोध तेवढाच धरला तर वजनाच्या दर किलोमागे चढरोध ०.४२३ आणि रुतणरोध ०.१३६, बेरीज ०.५५९, एकूण १४२ किलो. चढ ताशी ६० किलोमीटरने जायचे तर चाकाशी ३२ अश्वशक्ती लागते, आणि ३० टक्के घसर व साखळी-गिअरांतील हानी धरता इंजिनाकडून ५०. मूळ स्वरूपातील चांगल्या क्वाडचे इंजिन साधारण इथेच संपते. म्हणून तेथे इंजिनात फेरफार करतात तो छंद म्हणून नव्हे. यामाहाची बॅन्शी, ३४७ घनसेंटिमीटरची दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक, अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली गेली आणि टेकडीवाल्यांनी तिचे पोर्ट, सायलेन्सर आणि सिलिंडर पुन्हापुन्हा बदलले, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

पण क्वाडच्या बाबतीत बल-मर्यादाही जवळच आहे, हे नजरेआड करून चालणार नाही. सारे वजन मागच्या चाकांवर आले असे मानले तरी कर्षण २५५ × ०.९०६ × ०.५८, म्हणजे १३४ किलो; हवे १४२. साध्या टायरवर ती स्थिर वेगाने चढूच शकत नाही. मग ती चढते कशी? दोन कारणांनी. एक, तिचा टायर पॅडलचा असतो: रबराच्या आडव्या पट्ट्या रेती उचलून मागे फेकतात, आणि फेकलेल्या वस्तुमानाचा उलट रेटा घर्षणाच्या रेट्यात मिळतो. हा रेटा वेगाबरोबर वाढतो. सावकाश फिरणाऱ्या चाकात तो नगण्य असतो, म्हणून ट्रॅक्टरला पॅडल लावून उपयोग नाही. दोन, पायथ्याशी घेतलेला वेग. वेगाची ऊर्जा उंचीत बदलते: ताशी ६० किलोमीटरच्या वेगात सुमारे १४ मीटर उंची साठवलेली असते, ताशी ३ किलोमीटरच्या वेगात साडेतीन सेंटिमीटर. यावरून चढाईचे दोन प्रकार ठरतात: रेट्याची चढाई आणि वेगाची चढाई. ‘पळवत आणून एकदम चढव’ हा सल्ला दुसऱ्या प्रकारचा आहे. भरल्या ट्रॉलीला तो दिला तर हूक तुटतो.

वजनासंबंधीचा नियम येथून निघतो, आणि तो बहुधा चुकीचा समजला जातो. ओढणाऱ्या चाकावर एक किलो वजन वाढवले तर कर्षण ०.५८ किलोने वाढते. पण तो किलोही वर न्यावाच लागतो. सैल रेतीत तो ०.१५ किलो रुतणरोध आणि चढाच्या मानाने चढरोध मागतो. दोन्ही बाजू सारख्या होतात तेव्हा चढाची स्पर्शज्या ०.४३, म्हणजे कोन सुमारे २३ अंश. या कोनाच्या खाली चाकावरचे वजन मदत करते, वर अडथळा करते. नदीकाठचे चढ या सीमेच्या पुष्कळ खाली असतात. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरणे योग्य. १३.६ × २८ च्या टायरात पाऊण भरतीला सुमारे २०० लिटर मावतात. दोन्ही मिळून ४०० किलो. वरील दाबलेल्या वाटेवर त्यातून १८० किलोंच्या आसपास निव्वळ ओढ मिळते. उलट २५ अंशांच्या टेकडीवर क्वाडचा प्रत्येक किलो तोट्याचा, म्हणून तिचे दिवे, बंपर, पायदानाचे पत्रेही काढून ठेवतात. चारचाकी ट्रॉलीही याच नियमाने वाईट: तिचा भार तिच्याच चाकांवर राहतो, हुकावर काही येत नाही, आणि ट्रॅक्टरची मर्यादा १,०४४ वरून ७५४ वर घसरते.

टायरातील हवेचा विचार थोडक्यात. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवरचा दाब उतरतो, रुतणे कमी होते. रेतीत कर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसल्याने हवा कमी केल्याचा लाभ कर्षण वाढण्यात नसून रुतणरोध घटण्यात असतो. क्वाडला ४ ते ६ पौंड हवा चालते. ट्रॅक्टरला शेतातल्या १२ पौंडांच्या फार खाली जाता येत नाही, कारण हुकावरचा भार टायरच्या भिंतीवर येतो आणि ट्यूब असलेला टायर रिंगवर सरकून व्हॉल्व्ह कापून टाकतो. काठावर ट्रॅक्टर उभा, हवा गेलेली आणि ट्रॉली भरलेली, याहून वाईट अवस्था नाही. आणखी एक: नव्या टायरच्या उंच खुरांनी काळ्या मातीत जे साधते ते रेतीत साधत नाही. खुरांमधील फटी रेतीने भरतात, रेतीवर रेती सरकते, आणि खूर फक्त खणतात. अर्धवट झिजलेला टायर पात्रात नव्याहून बरा चालतो.

आता गिअर. ट्रॅक्टरला गिअर-प्रमाण बदलायचे नसते, निवडायचे असते. आणि निवड चढाआधीच करायची असते. वरील उदाहरणात क्लच दाबला की रोध वजनाच्या १२ टक्के, म्हणजे मंदन दर सेकंदाला सेकंदी १.१८ मीटर, ताशी ३ किलोमीटरचा ट्रॅक्टर पाऊण सेकंदाच्या आत थांबतो. तेवढ्यात गिअर पडत नाही. थांबलेल्या चाकासमोर रेतीचा बांध तयार झालेला असतो, आणि तो ओलांडण्याचा रोध चालत्या चाकाच्या रोधाहून जास्त. म्हणून लो दुसरा, इंजिन कमाल फेऱ्यांच्या थोडे खाली, अॅक्सिलरेटर एकसारखा. लो पहिल्यात बल जास्त असते हे खरे, पण ते रेती स्वीकारत नाही. जास्तीचे बल फक्त चाक सोडवते. चाक एका बाजूचे सुटले तर डिफरेन्शियल लॉक, तोही चाक फिरत असताना नव्हे, पूर्ण थांबवून.

क्वाडमध्ये गिअर-प्रमाण खरोखर बदलतात, आणि त्याचा हिशेब मागून पुढे करावा लागतो. टायरचा घेर १.६ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, घसर ३० टक्के असल्याने चाकाचा परिघ २३.८ मीटर वेगाने फिरला पाहिजे, म्हणजे मिनिटाला ८९३ फेरे. इंजिन आपली उत्तम शक्ती ८,००० फेऱ्यांना देत असेल तर एकूण घट ९ पट हवी. क्लचजवळची पहिली घट आणि तिसरा गिअर यांचा गुणाकार समजा ३.२, तर साखळीने २.८ पट घट दिली पाहिजे. पुढच्या चक्राला १४ दाते असतील तर मागे ३९. हाच हिशेब घसर सोडून केला तर मागे ५६ दाते येतात. तसे बसवल्यास इंजिन टेकडीच्या मध्यावर फेऱ्यांची सीमा गाठून ओरडत राहील आणि गाडी पुढे सरकणार नाही. दात्यांची निवड बिघडते ती बहुधा याच जागी. पुढचा एक दाता कमी करणे हे मागचे साधारण तीन वाढवण्याबरोबर असते. म्हणून ढोबळ फेरफार पुढे, बारीक मागे.

चढावर गिअर बदलण्याचा प्रश्न क्वाडलाही आहे. २५ अंशांवर शक्ती तुटली की मंदन दर सेकंदाला सेकंदी साडेपाच मीटर. पाव सेकंदाच्या बदलात ताशी ५ किलोमीटर वेग जातो. शिवाय इंजिन टू-स्ट्रोक असेल तर त्याच्या उपयुक्त फेऱ्यांचा पट्टा अरुंद, आणि बदलानंतर ते पट्ट्याखाली पडते. म्हणून टेकडीचा वरचा, अधिक तीव्र भाग एकाच गिअरात निघावा असे दाते ठरवतात, बदल करायचाच तर तो पायथ्याच्या बाजूला. पुढची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून मागचा स्विंग-आर्म लांब करतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत हीच बाब जिवावरची आहे: ओढ मागच्या आसाच्या वर जोडली तर ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटतो. साखळी किंवा दोर नेहमी खालच्या ड्रॉबारला.

इंजिनाबद्दल दोनच गोष्टी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. २५ अंशांच्या मानाने ती हवा ६ टक्के विरळ असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती तितकीच उतरते. चिखलदऱ्याच्या उंचीवर घट १० टक्क्यांच्या आसपास. कार्बोरेटरच्या इंजिनात त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते आणि मुख्य जेट लहान करावे लागते. दुसरी गोष्ट रेतीची बारीक धूळ: ती फिल्टरमधून गेली तर सिलिंडर घासते. ऑइल-बाथ फिल्टरचे तेल पात्रात काम असेल तेव्हा रोज पाहावे.

पूर्णेचा काठ नुसत्या रेतीचा नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. पात्रात सैल रेती, कडेला ओली घट्ट रेती, आणि वर खोल गाळाची चिकण माती, खारपाणपट्ट्यात तर चोपण. म्हणजे एकाच चढात रोधाचे तीन नियम येतात. पाऊस पडला की तिसरा टप्पा सर्वांत अवघड होतो, आणि तेथे संसंजन असूनही वरचा थर निसरडा असल्याने वजनाचा उपयोग होत नाही. अशा दिवशी चढ टाळावा. पात्रातील रेती उचलणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली येते. परवान्याविना केलेल्या वाहतुकीत वरील सारे गणित बरोबर आले तरी ट्रॅक्टर शेवटी तहसीलच्या आवारात उभा राहतो.

फेरफाराचा क्रम यावरून ठरतो. ट्रॅक्टरसाठी: आधी वाट, मग भार, मग चाकांतले पाणी, मग हवा, आणि शेवटी गिअरची निवड, इंजिन या यादीत नाही. क्वाडसाठी: आधी वजन उतरवणे, मग पॅडलचे टायर, मग इंजिनाची शक्ती, आणि घसर मोजून झाल्यावरच साखळीचे दाते. पूर्णेकाठी डिझेल पंपाचे इंधन वाढवण्यावर होणारा खर्च वरील हिशेबात कोठेच बसत नाही. त्याच पैशात वाट दाबून घ्यावी.